‘चल जाता, साब!’

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर लोणच्याची एक रिकामी बरणी आहे आणि तीत एकेचाळीस बोल्ट आहेत. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती बरणी पाहून प्रथम कुतूहल वाटते; आणि मी त्यांतला एकेक बोल्ट बाहेर काढून त्याची कुळकथा सांगू लागलो, की त्यांना घरी जाण्याची घाई होते. आमच्या सौभाग्यवतींनी या बरणीला ‘तुमचे देवघर’ असे नाव ठेवले आहे. संपादकांनी यंदा ‘काहीतरी वैचारिक द्या’ असा आग्रह धरला. बोल्टाइतके वैचारिक मला दुसरे काही सुचत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करून मी लेखणी उचलतो.

हे बोल्ट माझ्या मोटारसायकलीतून निघालेले आहेत. मोटारसायकल म्हणजे १९६९ सालची, मद्रासला बनलेली एन्फील्ड बुलेट. ३५० म्हणतात, प्रत्यक्षात ३४६ घन सेंटिमीटरची. उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक, त्यामुळे आजच्या मुलांना ती चालवायला दिली तर ती थांबण्याच्या वेळी गिअर टाकतात. २०२१ साली मी ती नल्लकुंट्यातच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडून घेतली. त्यांना मी काका म्हणतो. नल्लकुंटा म्हणजे काळे तळे. तळ्याचा आता मागमूस नाही. पण पाऊस जोराचा झाला, की पाण्याला आपली जुनी जागा आठवते. २०२० च्या ऑक्टोबरातल्या त्या भयंकर पावसात काकांच्या अंगणात पाणी शिरले आणि बुलेट अर्ध्या चाकांपर्यंत त्यात उभी राहिली. त्यानंतर त्यांचे मन त्या गाडीतून उठले. "प्रोफेसर, तुम्हीच न्या. भंगारवाल्याला द्यायला हात धजत नाही," ते म्हणाले. मी नेली.

गाडी चालू होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दोन लाथांत सुरू व्हायची, आवाज ऐकून गल्लीतली म्हातारी माणसे खिडकीशी यायची. मी महिनाभर ती तशीच चालवली. आदिकमेटवरून विद्यापीठाच्या आवारात, तिथून तार्नाक्याला. मागे बहुधा माझी मुलगी असे. तेलाची थोडी गळती होती. बुलेट आहे म्हटल्यावर गळायचीच, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले.

एका रविवारी ती गळती थांबवावी म्हणून मी इंजिनाच्या उजव्या बाजूचे टायमिंगचे झाकण उघडायला बसलो आणि तिथे माझ्या शिक्षणाला प्रारंभ झाला. एका झाकणाला सगळे स्क्रू एका जातीचे असतात, अशी माझी भाबडी समजूत. इथे एकाचे डोके षटकोनी, एकाला फुलीची खाच, एकाला ॲलन कीचे भोक, दोघे मूळचे सपाट खाचेचे, पण खाच छिन्नीने ठोकून रुंद केलेली. आणि एक, वाचकहो, लाकडाचा स्क्रू होता. दाराच्या बिजागरीला लावतात तो! ॲल्युमिनियमच्या भोकात तो कोणी तरी पिळून बसवला होता आणि वरून एम-सील थापून, कानशीने घासून, रंग देऊन असा बेमालूम सजवला होता, की त्या हाताला दाद द्यावी. एवढ्या मेहनतीत खरा स्क्रू मिळाला असता, असे प्रथम वाटते. तसे नव्हते, हे पुढे कळले.

इथे थोडे गणित करणे भाग आहे. कला शाखेच्या वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण गाळू नये अशी माझी विनंती आहे, कारण सगळी गोम त्यात आहे. बोल्टाच्या अंगावर जी नागमोडी चढण असते तिला कारागीर आटे म्हणतात. दोन आट्यांमधले अंतर म्हणजे त्याचा पिच. जुन्या ब्रिटिश पद्धतीचा पाव इंची बारीक आट्यांचा बोल्ट ६.३५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला इंचाला २६ आटे असतात, म्हणजे पिच ०.९८ मिलिमीटर. आपल्या बाजारात सहज मिळणारा सहा मिलिमीटरचा बोल्ट घ्या. त्याचा पिच बरोबर १ मिलिमीटर. दोन्ही पिच इतके जवळचे, की सहाचा बोल्ट पाव इंचाच्या भोकात बोटांनी फिरवला तरी गोगलगायीसारखा आत जातो. मेकॅनिकला वाटते, बसला. पण जाडीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मिलिमीटरचा फरक आहे. आटे एकमेकांत पुरते गुंततच नाहीत, नुसते टोकांनी टेकतात. पाना लावून आवळला, की ॲल्युमिनियमचे मऊ आटे पिठासारखे झडतात. आता आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच सोळांश इंचाचे भोक पाहा. इथे उलटे. जाडी जवळजवळ तीच, ८ आणि ७.९४. पण पिच एकाचा १.२५ आणि दुसऱ्याचा १.१५. पहिले दोन फेरे गोडीगुलाबीने जातात. पाचव्या आट्यापर्यंत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची तफावत साठते आणि बोल्ट अडतो. मग पान्याला पाइप लावून जोर करायचा. बोल्ट पोलादाचा, भोक ॲल्युमिनियमचे. कोण हरणार ते ठरलेलेच आहे. पान्यांचीही तीच गत. पाच सोळांशच्या बारीक आट्यांच्या बोल्टाचे डोके साधारण १३.३ मिलिमीटरचे. तेरा नंबरचा पाना त्यावर जात नाही, चौदाचा जातो, पण सैल. आणि दोनदा घसरला, की षटकोनाचे वर्तुळ होते. माझ्या बरणीत असे वर्तुळ झालेले नऊ आहेत.

हे पाहून आमचे कन्नड विभागाचे एक सहकारी मिशीत हसले. ते मूळचे म्हैसूरकडचे आणि येझ्दीचे निस्सीम भक्त. "नम्म म्हैसूरु गाडी घेतली असती तर ही पाळी आली नसती," म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जी गाडी निघू लागली ती मूळ चेकोस्लोव्हाकियातली, म्हणजे युरोप खंडातली, तिचे सर्व आटे मिलिमीटरमध्ये. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी तिचा बोल्ट आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. आमची बुलेट मात्र इंग्लंडातल्या रेडिचच्या आराखड्यांवर मद्रासला तयार होऊ लागली, १९५५ च्या सुमारास. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. आई गेली आणि लेक तिचा शेर-मापटे घेऊन परक्या घरी नांदत राहिली, असा हा प्रकार.

त्या इंचांचीही एक कथा आहे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाच्या आधी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीचे आटे पाडत असे; एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टावर चढत नसे. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट जमवले, त्यांची मापे घेतली, मध्यम काढला आणि १८४१ साली आपले कोष्टक मांडले : आट्याचा कोन ५५ अंश, आणि जाडीप्रमाणे इंचाला किती आटे ते ठरलेले. अमेरिकेने पुढे ६० अंश धरला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नटबोल्ट एकमेकांना लागेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनी एकत्र बसून सामाईक आटा ठरवला. लढाई जिंकणाऱ्यांनाही बोल्ट जुळवायला तीन वर्षे अधिक लागली.

आणि आपण? आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-मीटरचा अंमल सुरू झाला. आणा गेला, शेर गेला, मैलाचे दगड बदलले. बुलेटचा बोल्ट मात्र इंचातच राहिला. म्हणजे बाजार एका मापाचा आणि गाडी दुसऱ्या मापाची. एका गाडीत काही बोल्ट व्हिटवर्थ, काही बारीक ब्रिटिश, काही सायकलच्या आट्यांचे. असा बोल्ट हरवला तर गल्लीतल्या मेकॅनिकने काय करावे, हे कोणत्याही पंचवार्षिक योजनेत लिहिलेले नव्हते. त्याने हाती येईल ते घातले. ‘लोक अडाणी आहेत’ हे आपले आवडते निदान मी या बाबतीत मानायला तयार नाही. कारागिराचे अडाणीपण म्हणून जे आपण दाखवतो, त्यातले पुष्कळसे धोरणांमधल्या फटींतून पडलेले असते.

इथवर मी मोठ्या मनाचा माणूस होतो. माझे मन लहान झाले ते पुढच्या चाकापाशी.

बुलेटच्या पुढच्या चाकाचा दांडा फोर्कच्या दोन्ही पायांच्या तळाशी अर्धगोल टोप्यांत पकडलेला असतो. प्रत्येक टोपीला दोन स्टड. असे एकूण चार जण पुढचे चाक धरून असतात. टायर बदलण्यासाठी मी ते सोडायला गेलो. तीन पान्याने सुटले. चौथ्याला मी पाना लावण्याआधी सहज बोटाने हलवून पाहिले आणि तो सरळ माझ्या हातात आला. फिरलाच नाही, नुसता निघाला. दातातून पडलेल्या चांदीसारखा. आणि भोकातून त्याच्यामागून एक चमकदार गुंडाळी बाहेर आली. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद होता तो. आटे झडलेल्या भोकात तो कागद गुंडाळून भरायचा, वर बोल्ट दाबून फिरवायचा, म्हणजे घट्ट वाटतो; ही युक्ती जुन्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. त्या कागदावर शेजारच्या स्टडचेही आटे अर्धेच धरलेले होते. उरलेल्या दोघांवर मी महिनाभर माझ्या मुलीला मागे बसवून तार्नाक्यापर्यंत नेत होतो.

मी तो कागद टेबलावर ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्या दिवशी मला राग आला तो बोल्टाचा नव्हे. कागदावर नट पुन्हा नीट चढवून, त्यावर काळा रंग मारून, चारही सारखे दिसतील अशी जी व्यवस्था केली होती, तिचा राग आला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उस्ताद आहेत. साठीचे. हैदराबादेत बुलेटचा आवाज ऐकून आजार ओळखणारी जी थोडी माणसे उरली आहेत, त्यांतले एक. मी तो स्टड त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पाहिला, कागद पाहिला, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाले, "किसी ने चला लिया, साब. चल जाता. पचास बरस चली ना गाड़ी?"

या ‘चल जाता’पाशी माझे आणि त्यांचे, आणि आता माझे व बऱ्याच सुशिक्षितांचे भांडण आहे. हल्ली या गोष्टीला ‘जुगाड’ म्हणून मोठी प्रतिष्ठा आली आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत तिच्यावर व्याख्याने होतात. ‘भारतीयांची उपजत प्रतिभा’ म्हणून तिचे कौतुक होते. कौतुक करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी दुसऱ्याच्या जुगाडावर बसून साठ किलोमीटरच्या वेगाने प्रवास केलेला असतो. ज्याने ती युक्ती केली त्याला ती कामाच्या दिवशी घरी पोचवते, हे खरे. तिची किंमत देतो तो मात्र पुढचा माणूस, आणि आपण काही देणे लागतो हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसते. ‘पन्नास वर्षे चालली’ हाही पुरावा नव्हे. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट बसवताना त्याच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट खोलीपर्यंत आटे गुंतलेले असावेत, असा साधा नियम आहे. पोलादात एकपट पुरते. माझ्या त्या स्टडचे शून्यपट होते. तो चालत नव्हता, त्याचे सोबती त्याला चालवत होते.

उस्तादांना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग जे उत्तर दिले ते मला अद्याप पुरते खोडता आलेले नाही. "साब, आप के पास दूसरी गाड़ी है. आप छे महीने खोल के रखते. जिस के पास यहीच एक है, सुबो ड्यूटी पे जाना है, उस को मैं बोलूं, रानीगंज जाओ, खराद वाले के पास बैठो, बोल्ट बनाओ? वो बोलता, उस्ताद, आज चला देव." हे खरे आहे. माझ्या स्वच्छ तत्त्वांच्या मागे माझा पगार उभा आहे, हे त्यांनी न दुखवता दाखवून दिले. तेव्हा मी माझा आक्षेप आवरता घेतला. ‘आज चला देव’ला माझी हरकत नाही. हरकत त्यावरच्या रंगाला आहे.

हैदराबादकरांना दोन मापांचा संसार काही नवा नव्हे. घरातल्या वडील माणसांना विचारा. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे इथे हाली सिक्का आणि कलदार रुपया असे दोन्ही चालत. सात हालीचे सहा कलदार. भाजीवाल्यापासून सावकारापर्यंत सगळे तो हिशेब तोंडी करीत आणि कोणाचे काही अडत नसे, कारण हाली हा हाली म्हणूनच हाती येई. हाली देऊन कलदार म्हणून सांगणाऱ्याला मात्र त्या काळी ज्या शब्दाने ओळखत, तो शब्द कॉलेजच्या मासिकात छापता येणार नाही. पाच सोळांशच्या भोकात आठ मिलिमीटरचा बोल्ट बसवून तो मूळचाच असल्यासारखा रंगवणे, हा मला त्याच जातीचा व्यवहार वाटतो.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत आणि तीही मला मानवत नाहीत. त्यांना जुनी गाडी म्हणजे कारखान्यातून आज सकाळी निघाल्यासारखी हवी. जे मूळचे नाही ते सगळे उपटून टाका, चकचकीत मुलामा द्या. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा ‘व्हिंटेज’ वर्ग केला. गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाड्यात वा इंजिनात मोठी फेरफार नसावी, आणि ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणू नये, असे त्यात आहे. माझी गाडी वयाने बसते. पण मला ती कॉलेजला न्यायची असते, म्हणून मी त्या वाटेला गेलेलो नाही. शिवाय मूळ म्हणजे कोणते? गाडीला पन्नास वर्षांत जी दुरुस्ती झाली तीही तिच्या आयुष्यातलीच आहे. ती पुसून टाकणे हेही एक प्रकारचे रंगकामच.

असो. मी काय केले ते सांगतो. रानीगंजच्या नटबोल्टांच्या दुकानांत तीन शनिवार घालवले. "साब, ये माल अब कौन पूछता?" असे म्हणत एका दुकानदाराने माळ्यावरून एक डबा काढला, त्यात गंजलेले, पण खरे पाच सोळांश होते. पाने मिळाले गुरुवारी, जुमेरात बाजारात, एका फाटक्या ताडपत्रीवर, कुलपे आणि पंख्याची पाती यांच्या शेजारी. फोर्कच्या पायातली झडलेली भोके मोठी करून, खरादीवर पोलादी बुश करवून, बाहेरून त्याला आटे, आतून मूळ मापाचे आटे, असे बसवून घेतले. टायमिंगच्या झाकणाच्या भोकांत तारेची वेटोळी घातली. हेलीकॉइल म्हणतात त्यांना. भोक वाढवायचे, खास टॅपने आटे पाडायचे आणि स्प्रिंगसारखी पोलादी वेटोळी त्यात फिरवायची. मूळच्यापेक्षाही मजबूत आटे मिळतात. बाजारातून नवा बोल्ट घ्याल तेव्हा त्याच्या डोक्यावर आकडे आहेत का तेवढे पाहा. ८.८ लिहिलेले असेल तर पहिल्या आठाचा अर्थ असा, की चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही. दुसऱ्याचा असा, की त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याच्याबद्दल आपल्यालाही काहीच ठाऊक नाही.

दोन ठिकाणी मात्र मी हार मानली. गिअरबॉक्सच्या झाकणाची दोन भोके कोणी तरी पूर्वीच वाढवून आठ मिलिमीटरची केली होती, आणि काम, खरे सांगायचे तर, चांगले केले होते; सरळ, पुरेसे खोल. ती पुन्हा कोरली तर भिंतच पातळ होणार. तिथे मी आठचे बोल्टच ठेवले. म्हणजे मीही मिलिमीटर चालवून घेतले. फक्त एक केले : एक छोटी वही घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, आणि पहिल्या पानावर लिहिले, ‘गिअरबॉक्स, उजवे झाकण, वरचे दोन : आठ मिलिमीटर, पिच सव्वा. मूळचे नाहीत. इंची बोल्ट घालू नये.’ खाली सही आणि तारीख. मग एकेक करून सगळे लिहिले. सोळा पाने झाली.

ही वही लिहिताना मला एक गोष्ट आठवली, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी नोकरीला लागलो त्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एका स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलाचा एक स्क्रू हरवला. टेबल समपातळीत आणायला तीन स्क्रू असतात, त्यांतला एक. दुसऱ्या दिवशी परीक्षेचे प्रात्यक्षिक होते, बाहेरचे परीक्षक यायचे होते. मी मोडक्या ऑप्टिकल बेंचमधला एक स्क्रू काढला, त्याला दोरा गुंडाळला आणि तिथे फिरवून बसवला. छान बसला. परीक्षा पार पडली. साठ्याच्या नोंदवहीत मी काही लिहिले नाही. लिहिले असते तर ‘हरवला कसा’ हे विचारले गेले असते. पुढे मी ते कॉलेज सोडले. कित्येक वर्षांनी तिथला एक तरुण प्राध्यापक एका चर्चासत्रात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, की आमच्याकडचा एक स्पेक्ट्रोमीटर काही केल्या समपातळीत राहत नाही. मुलांना वाटते आपलाच हात वाईट आहे, आम्हीही त्यांना तेच सांगत आलो. मी मान डोलावली आणि चहा घेतला.

किती मुलांनी आपला हात वाईट समजून भौतिकी सोडली असेल, याचा हिशेब माझ्याजवळ नाही. आमच्या प्रयोगशाळांतून फिरताना मला हल्ली उपकरणांकडे पाहून थोडी धाकधूक वाटते. ज्या नोंदवहीत ‘सुस्थितीत’ एवढाच शब्द वर्षानुवर्षे एका शाईत उतरवलेला असतो, तिच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. ‘बिघडले, अमुक तारखेला, तमुकने असे असे चालवून घेतले’ असे लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढी तरतूद कॉलेजांनी केली, तर मला वाटते अर्धी उपकरणे पुढच्या वर्षी दुरुस्त होतील. लपवणे हा बहुतेक वेळा लबाडीचा नव्हे, भीतीचा परिणाम असतो. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांतही तेच चालते. निरीक्षण जुळले नाही की ते खोडून जुळणारे लिहायचे, हे त्यांना कोणी शिकवले, हे आम्ही प्राध्यापकांनी एकमेकांना विचारू नये, असा अलिखित करार आहे.

मागच्या महिन्यात मी ती बरणी घेऊन काकांकडे गेलो. भांडायला नव्हे; पण अगदी निर्मळ मनानेही नव्हे. काकांनी चष्मा लावला, बोल्ट वर्तमानपत्रावर ओतले आणि एकेक उचलून पाहू लागले. "हा माझा," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी असेल. रात्रपाळी होती, नट मिळाला नाही." मग दुसरा. "हा माझा नव्हे. माझ्या आधीच्या मालकाचा असणार." मला ठाऊकच नव्हते, की त्यांच्या आधीही कोणी होता. ते गाडी घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात असेच झाकण उघडून बसले होते म्हणे, आणि असेच संतापले होते. एकेचाळिसांपैकी सव्वीस त्यांनी आपले म्हणून बाजूला केले. फोर्कचा तो स्टड हातात घेऊन ते बराच वेळ गप्प राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला तो निवला.

"मुलीला मागे बसवत होता ना तुम्ही?" त्यांनी विचारले.

मी हो म्हटले.

"मीही बसवत होतो," ते म्हणाले. "माझ्या." आणि मग, "वही आहे म्हणता ना? आणा ती."

मी खाली जाऊन पेटीतून वही आणली. त्यांनी थरथरत्या हाताने, पण मोडीच्या वळणाच्या त्या जुन्या ठाम अक्षरात, माझ्या नोंदींच्या खाली स्वतःच्या सव्वीस बोल्टांच्या नोंदी केल्या. सालाबद्दल शंका असेल तिथे ‘सुमारास’ लिहिले. त्याला दोन तास लागले. शेवटी त्यांनी सही केली.

लाकडाचा स्क्रू मात्र त्यांनी घेतला नाही. तो कोणाचा, ते अजून कळलेले नाही.